तिसऱ्या रात्रीच्या मुंग्या: थायरॉइडच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम उतरल्याचे एक प्रकरण

रात्रीचा एक वाजून गेला होता. आषाढातला पाऊस, जांबोटीकडून येणारा रस्ता जागोजागी पाण्याखाली, आणि त्यातून वाट काढत एक जीप खानापुरात माझ्या दवाखान्यासमोर येऊन थांबली. मागच्या सीटवर सेहेचाळीस वर्षांच्या एक मावशी, त्यांना धरून बसलेला मुलगा. उतरवून घेताना मी त्यांचे हात पाहिले आणि निम्मे निदान तिथेच झाले. लहान मुलाला घास भरवताना आपण बोटे जुळवतो, अंगठा आत, चारी बोटे सरळ, मनगट खाली वाकलेले, तसे दोन्ही हात आखडून बसले होते. मी उघडायला गेले तर उघडेनात. गळ्यावर आडवी ताजी पट्टी होती.

"डॉक्टर, दोन दिस झाले, नुसत्या मुंग्या यायल्यात बघा. हाताला, तोंडाला. आता बोटंच आखडल्यात."

मावशींची परवानगी घेऊनच मी हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, उपचाराचे बदललेले नाहीत.

आधी काय झाले होते

मावशींच्या गळ्याला दहा-बारा वर्षांची गाठ. भातशेतीच्या कामात तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. गेल्या वर्षभरात उताणे झोपले की श्वास कोंडू लागला, घास अडकू लागला, तेव्हा मुलाने बेळगावातल्या एका मोठ्या रुग्णालयात दाखवले. अनेक गाठींचे गलगंड, कर्करोग नाही, थायरॉइडचे हार्मोन प्रमाणात. सोमवारी संपूर्ण थायरॉइड काढली. ऑपरेशन स्वच्छ झाले, आवाज शाबूत राहिला, रक्तस्राव नाही. एवढ्या मोठ्या गाठीसाठी ही सोपी गोष्ट नव्हे, आणि शल्यचिकित्सकांच्या हाताला मी नावे ठेवणार नाही.

मंगळवारी सकाळी कॅल्शियम तपासले: ८.४ मिलिग्रॅम. थोडे कमी, पण चालण्यासारखे. मंगळवारी संध्याकाळी मावशींनी ड्यूटीवरच्या मुलीला सांगितले, "हातावर मुंग्या यायल्यात." ती मुलगी कन्नड बोलणारी, विजापूरकडची, कामाला चोख. तिने बिचारीने चादर उचलून झटकली, पलंगाखाली पाहिले, मुंग्या नाहीत म्हणून सांगितले आणि मायेने नवी चादर घातली. कन्नडात याला 'जोमु' म्हणतात. मावशींना तो शब्द येत नव्हता, त्या मुलीला मराठीतल्या मुंग्यांचा हा अर्थ ठाऊक नव्हता. दोघींनी आपापल्या परीने बरोबरच केले, आणि सगळ्यात मोलाची तक्रार केसपेपरवर चढली नाही.

बुधवारी सकाळी घरी सोडले. 'काल कॅल्शियम ठीक होते' म्हणून पुन्हा तपासले नाही. घरी न्यायच्या कागदावर थायरॉक्सिन (थायरॉइडच्या हार्मोनची गोळी) १०० मायक्रोग्रॅम, पोटातले आम्ल कमी करणारे पँटोप्राझोल, दुखण्यावरची गोळी, आणि 'ड' जीवनसत्त्व (डी३) असलेली कॅल्शियम कार्बोनेटची एक गोळी रोज. कागद इंग्रजीत. मुलाने काय वाचले तर 'सकाळी' एवढेच. मग मावशींनी चारही गोळ्या सकाळी उपाशीपोटी एका घोटात घेतल्या.

गुरुवारी ओठांभोवती मुंग्या. दुपारी पिंडऱ्यांना गोळे. गावाजवळच्या एका दवाखान्यात 'अशक्तपणा आहे, घाबरल्यात' म्हणून लाल इंजेक्शन दिले. रात्री नऊनंतर हात आखडले, आणि घाबरून श्वास भराभर होऊ लागला. इथे एक दुष्टचक्र असते, ते समजून घ्यायलाच हवे. भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होते, आणि जे थोडे कॅल्शियम मोकळे फिरत होते तेही अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला जाऊन चिकटते. स्नायू आणि मज्जातंतूंना उपयोगी पडते ते मोकळेच कॅल्शियम. म्हणजे माणूस घाबरलेला असतो हे खरे, पण घाबरल्यामुळे हात आखडले असे म्हणून सोडून देता येत नाही. कॅल्शियम कमी आहे म्हणून मुंग्या, मुंग्यांमुळे भीती, भीतीमुळे श्वास, श्वासामुळे आणखी आखडणे.

तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी

थायरॉइडच्या पाठीमागे, साधारणपणे दोन डावीकडे, दोन उजवीकडे, अशा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. एकेकीचे वजन तीस-चाळीस मिलिग्रॅम, रंग पिवळट तपकिरी, आजूबाजूच्या चरबीत मिसळून जाणारा. त्या इतक्या लपून असतात की माणसाच्या शरीरातल्या या ग्रंथींचे नीट वर्णन व्हायला १८८० साल उजाडावे लागले. ते केले स्वीडनच्या उप्साला इथल्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने. थायरॉइड काढताना त्या कापल्या जातातच असे नाही. त्यांचा रक्तपुरवठा केसासारख्या बारीक वाहिन्यांवर चालतो, त्या वाहिन्या नुसत्या ताणल्या गेल्या तरी ग्रंथी काही दिवस, काही आठवडे गप्प होतात. बहुतेकींना पुन्हा जाग येते, काहींना येत नाही.

या ग्रंथींचे हार्मोन, पीटीएच, रक्तात काही मिनिटेच टिकते. ते थांबले की तीन दरवाजे एकदम बंद होतात. हाडातून कॅल्शियम सुटत नाही. मूत्रपिंड कॅल्शियम धरून ठेवत नाही, उलट फॉस्फरस साठवते. आणि मूत्रपिंडात 'ड' जीवनसत्त्वाला जे शेवटचे, कामाचे रूप मिळायचे ते मिळत नाही, त्यामुळे आतड्यातूनही कॅल्शियम आत येत नाही. तरी हे सगळे लगेच दिसत नाही. कॅल्शियम हळूहळू उतरत जाते आणि सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात तळ गाठते. आमच्याकडची खरी अडचण नेमकी ही. रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातो, कॅल्शियम तिसऱ्या रात्री तळाला जाते. शहापूर-टिळकवाडीत राहणारा माणूस रिक्षा करून परत जाईल. कणकुंबीच्या बाजूच्या वाडीत राहणाऱ्याने पावसात रात्री काय करायचे?

त्या रात्रीचे उपचार

आधी गळा पाहिला. पट्टीखाली सूज नाही, श्वासाला घरघर नाही, आवाज नेहमीचा. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर श्वास लागला तर आधी आत रक्त साठले आहे का हे पाहायचे, कारण ते मिनिटांत जीव घेऊ शकते. तसे नव्हते. नाडी १०४, श्वास मिनिटाला २८, ऑक्सिजन ९७ टक्के. हात आधीच आखडलेले असल्यामुळे दंडाला पट्टा बांधून हात वाकतो का पाहण्याची परीक्षा करायची गरजच नव्हती. कानापुढे बोटाने टिचकी मारली तर ओठाचा कोपरा उडत होता. पण तेवढ्या एका खुणेवर मी कधी विसंबत नाही, निरोगी माणसांतही ती काहींना सापडते. ईसीजीत क्यूटीसी, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदयाची विद्युत लय पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबून ५१० मिलिसेकंद झाला होता, म्हणजे हृदयालाही झळ लागली होती.

रात्री प्रयोगशाळा बंद. रक्त काढून ठेवले आणि रिपोर्टची वाट न पाहता सलाइन लावले. ताजी पट्टी, मुंग्या, आखडलेले हात, लांबलेला क्यूटी, इतके दिसत असताना सकाळपर्यंत थांबणे चूक ठरले असते. दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे दहा मिलीचे दोन अँप्युल, ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलीत घालून, १५ मिनिटांत, मॉनिटरवर डोळा ठेवून. भसकन दिले तर नाडी मंदावते, हृदय थांबूही शकते. शीर चांगली, मोठी निवडायची, कारण औषध शिरेबाहेर गेले तर कातडी जळते. सिरिंजमधून घाईने सोडण्याचा मोह कितीही झाला तरी तो टाळायचा.

बारा-तेरा मिनिटांनी मावशींची करंगळी सैल झाली. मग एकेक बोट. मुलगा कोपऱ्यात उभा राहून रडत होता.

पण एवढ्याने भागत नाही. एका अँप्युलमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम जेमतेम ९३ मिलिग्रॅम, आणि त्याचा असर दोन-तीन तासांत उतरतो. पुढे सावकाश ठिबक लागते: दहा अँप्युल, म्हणजे १०० मिली औषध, ९०० मिली डेक्स्ट्रोजमध्ये, तासाला ५० मिली. मावशींचे वजन ५८ किलो. हिशेब केला तर तासाला किलोमागे ०.८ मिलिग्रॅम पडते, आणि ०.५ ते १.५ ही नेहमीची मर्यादा. माझ्याकडे उरले होते चार अँप्युल. मेडिकल बंद. तेव्हा आठवले ते प्रसूतिगृह. गरोदरपणातल्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात, ते जास्त झाले तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट तिथे हाताशी ठेवावेच लागते. दोन गल्ल्या पलीकडच्या डॉक्टरीणबाईंना उठवले, त्यांनी आठ अँप्युल छत्रीखालून स्वतः आणून दिले. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे: अपरात्री हे औषध बाळंतपणाच्या खोलीत सापडते.

सकाळी रिपोर्ट आले. कॅल्शियम ६.६, अल्ब्युमिन ३.६, म्हणजे अल्ब्युमिन कमी असल्याचा हिशेब धरून कॅल्शियम ६.९. फॉस्फरस ६.१. मॅग्नेशियम १.४. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ०.८. बेळगावला पाठवलेला पीटीएच दुसऱ्या दिवशी आला: फक्त ४ पिकोग्रॅम, जिथे निदान १५ हवा. 'ड' जीवनसत्त्व १४.

यातला फॉस्फरस महत्त्वाचा. थायरॉइड फार जोरात चालत असलेल्या रुग्णांत ऑपरेशननंतर भुकेलेली हाडे कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही ओढून घेतात, तिथे फॉस्फरस उतरतो. इथे तो चढला होता आणि पीटीएच तळाला होता, म्हणजे दोष पॅराथायरॉइडचाच. आणि मॅग्नेशियम. ते कमी असेल तर उरल्यासुरल्या ग्रंथीही हार्मोन सोडत नाहीत, कॅल्शियम कितीही ओता, वर चढत नाही. दोन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट सावकाश दिले, दुसऱ्या हाताच्या शिरेतून, कारण कॅल्शियमच्या नळीतून दिले तर दोन्ही मिळून साका धरतो. मावशी तीन वर्षे 'गॅसची गोळी' म्हणून पँटोप्राझोल रोज घेत होत्या. ती गोळी वर्षानुवर्षे घेतली तर मॅग्नेशियम उतरू शकते, शिवाय पोटातले आम्ल कमी झाले की कॅल्शियम कार्बोनेट विरघळत नाही. ती बंद केली. ज्याला बंद करताच येत नाही त्याला कॅल्शियम सायट्रेट द्यावे, त्याला आम्ल लागत नाही.

सकाळीच शल्यचिकित्सकांना फोन केला. त्यांनी मनापासून ऐकून घेतले आणि आठवड्याने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आपणहून पाठवला: काढलेल्या थायरॉइडला एक पॅराथायरॉइड चिकटून आली होती. ऑपरेशनच्या टिपणात दोन ग्रंथी जागेवर जपल्याची नोंद होती. चौथी कुठे, कुणास ठाऊक.

गोळ्यांचे गणित

ठिबक चालू असतानाच तोंडाने औषध सुरू केले: कॅल्सिट्रिऑल, म्हणजे 'ड' जीवनसत्त्वाचे तयार रूप, ०.५ मायक्रोग्रॅम दोनदा, आणि एक ग्रॅम कॅल्शियम तीनदा, जेवणासोबत. ४८ तासांनी ठिबक कमी करत बंद केली, तेव्हा कॅल्शियम ८.१ होते.

आमच्या भागात, खरे तर सगळीकडेच, एक गैरसमज पक्का रुजला आहे. 'ड' कमी म्हटले की साठ हजार युनिटचे पाकीट, आठवड्याला एक, दुधातून. ते 'ड'चे कच्चे रूप. यकृतात त्याचा एक टप्पा होतो, दुसरा मूत्रपिंडात, आणि त्या दुसऱ्या टप्प्याला पीटीएचचा धक्का लागतो. पीटीएच नसेल तर पाकिटे कितीही घ्या, शेवटचा टप्पा लंगडाच राहतो. म्हणून थेट तयार रूप, कॅल्सिट्रिऑल, द्यावे लागते. मावशींना पाकीटही दिले, आठ आठवडे, कारण त्यांचा साठाच रिकामा होता. पण पाकीट हा कॅल्सिट्रिऑलचा पर्याय नाही, हे मी फार्मसीतल्या मुलालाही बोलावून सांगितले. एकदा त्याने 'दोन्ही डीच की' म्हणून एका रुग्णाला बदलून दिले होते.

दुसरी गाठ वेळेची. कॅल्शियम आणि थायरॉक्सिन पोटात एकत्र आले की थायरॉक्सिन बांधले जाते. मध्ये चार तास हवेत. मावशी पाचला उठतात, तर थायरॉक्सिन तेव्हा, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम साडेनऊच्या भाकरीबरोबर, दुपारच्या भाताबरोबर, रात्रीच्या जेवणाबरोबर. कागदावर मी कोंबडा, भाकरी, सूर्य आणि चंद्र काढून दिले. खाली ठळक अक्षरात मराठीत 'मुंग्या', आणि त्याखाली कन्नड लिपीत 'जोमु', रात्री कुठल्याही दवाखान्यात दाखवायला.

नाचणीची आंबील चालेल का, हे त्यांनी विचारलेच. जरूर प्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आमच्या शिवारातले ते सोने आहे. पण मावशींना रोज तीन ग्रॅम लागत होते, आणि कॅल्सिट्रिऑलशिवाय आतड्याचे दारच बंद. निव्वळ आंबिलीवर हे निभणार नव्हते.

पाचव्या आठवड्यातली चूक, आणि ती माझी

पाचव्या आठवड्यात मावशी आल्या त्या मलूल. तहान, बद्धकोष्ठ, रात्रीतून चार वेळा लघवी, जेवणावर वासना नाही. कॅल्शियम ११.४, क्रिएटिनिन १.३. सगळे वेळेवर घेत होत्या. मग हे का? अर्ध्या तासाच्या बोलण्यात निघाले: नणंदेने सांगितले होते, 'कॅल्शियम कमी म्हणजे चुना खा, गव्हाच्या दाण्याएवढा, दह्यातून.' महिनाभर त्या खात होत्या, आणि दाण्याचा हळूहळू वाटाणा झाला होता. चुन्यात कॅल्शियम असते हे खरेच, आणि त्याबरोबर अल्कही. ती जोडी मूत्रपिंडाला घातक. कॅल्सिट्रिऑल घेणाऱ्याच्या आतड्याचे दार उघडे असते, जे येईल ते आत जाते.

पान-चुन्याच्या मुलखात राहून मी हे पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. विचारले नाही.

कॅल्शियम, कॅल्सिट्रिऑल आणि चुना तिन्ही थांबवले, सलाइन दिले, रोज रक्त पाहिले. कॅल्सिट्रिऑलचा असर दोन-तीन दिवसांत ओसरतो, हा त्याचा मोठा गुण. चौथ्या दिवशी कॅल्शियम ९.० झाल्यावर निम्म्या मात्रेने पुन्हा सुरू केले.

'एल' अक्षराची भीती

तीन महिन्यांनी कॅल्शियम ९.२. घरचे खूश. मी २४ तासांची लघवी मागवली. पाच लिटरचा कॅन, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, नंतरची सगळी, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीसकट, साठवायची. मुलगा उद्यमबागेत कामाला जाताना तो कॅन एसटीतून पिशवीत घालून घेऊन आला. त्यात २९० मिलिग्रॅम कॅल्शियम. बाईमाणसासाठी अडीचशेच्या आत हवे.

रक्तातला आकडा देखणा, आणि मूत्रपिंडातून गळती. पीटीएच नसलेले मूत्रपिंड कॅल्शियम अडवत नाही. रक्तात कॅल्शियम नेहमीच्या माणसाइतके ठेवायला गेलो तर ते लघवीवाटे वाहते, खडे होतात, मूत्रपिंडात चुन्याचे थर बसतात. म्हणून अशा रुग्णाचे कॅल्शियम मुद्दाम खालच्या काठाला, ८ ते ८.५ च्या दरम्यान, आणि मुंग्या नसतील इतपत ठेवायचे. प्रयोगशाळेचा कागद ८.२ पुढे ठळक 'एल' छापतो, म्हणजे 'लो', कमी. तो पाहून घरचे घाबरतात, कुणी डॉक्टर गोळी वाढवतो. मावशींच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहिले आहे: 'हा आकडा यांच्यासाठी बरोबर आहे. मुंग्या नसतील तर गोळी वाढवू नये.' कॅल्शियमची मात्रा कमी केल्यावर पुढची लघवी २१० वर आली. आली नसती तर थायझाइड जातीची लघवीची गोळी हा पुढचा मार्ग होता, तिने मूत्रपिंडातली गळती कमी होते.

सहाव्या महिन्यात पीटीएच ११, बाराव्यात १२. उरलेल्या ग्रंथींनी डोळे किलकिले केले, पूर्ण उघडले नाहीत. वर्षभर वाट पाहून मगच 'कायमचे' हा शब्द वापरावा, तो मी बाराव्या महिन्यात वापरला. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे कायम खायचंच की हे." हो, कायम. पीटीएचची नवी इंजेक्शने आली आहेत, पॅलोपेगटेरिपॅराटाइडला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. गोळ्यांवर ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. मावशींचे गोळ्यांवर भागते.

आता मी गळ्याच्या ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येकाच्या चिठ्ठीत शल्यचिकित्सकांना दोन ओळी लिहिते. ऑपरेशननंतर काही तासांत पीटीएच करता येईल का, कारण तो १० ते १५ च्या खाली असेल तर कॅल्शियम उतरणार हे आधीच कळते. आणि रुग्णाचे गाव लांब असेल तर तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेता येईल का, नाहीतर कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल हातात देऊनच घरी सोडावे. बहुतेक जण मानतात. पीटीएचचे पैसे ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी हातात दिलेल्या गोळ्या हाच सरळ मार्ग वाटतो मला.

मावशी दर तीन महिन्यांनी येतात: कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन. वर्षातून एकदा लघवी, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, डोळ्यांची तपासणी, कारण या आजारात मोतीबिंदू लवकर धरतो. जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी पोटात ठरत नाही आणि कॅल्शियम एका दिवसात उतरते, तेव्हा घरी न थांबता यायचे, हे सुनेलाही पाठ आहे. गेल्या श्रावणात तसे झालेही. मुंग्या सुरू होताच दुपारच्या एसटीने आल्या, एक ठिबक लागली, संध्याकाळी परत गेल्या. गोळ्या त्या कंबरेच्या चंचीत ठेवतात. चुन्याची डबी होती त्या कप्प्यात.